उतरणाऱ्यांचं गाव : कल्याण



माझ्या आजीला कल्याण एकच ठाऊक होतं आणि ते माझं कल्याण नव्हतं. सोलापूरच्या आमच्या घरात कल्याण म्हटलं की बसवकल्याण, कर्नाटकात शिरल्यावर लागणारं, चालुक्यांच्या राजधानीचं. १९८३ साली माझं लग्न कल्याणला ठरलं तेव्हा ती खूश झाली, पोर जवळच चालली म्हणून. मग काकांनी समजावलं, अगं ते नाही, हे मुंबईकडचं, रेल्वेचं. आजीचा चेहरा उतरला. मंदिरात पंचकल्याणकाच्या निमित्ताने हा शब्द शंभरदा म्हणणारी बाई, पण त्या नावाचं दुसरं गाव तिने मनातून कधी मान्य केलं नाही.

ही गल्लत आजीचीच नाही. मोठमोठ्या लेखांतही चालुक्यांचं कल्याण आणि कोकणातलं कल्याण एकमेकांत मिसळलेलं मी वाचलंय. आणि ज्यांना आमचं कल्याण माहीत आहे, त्यांनाही ते बहुतेक वेळा 'गाडी बदलायचं ठिकाण' म्हणूनच माहीत असतं. पुण्याकडची गाडी इकडे, नाशिककडची तिकडे, मधे वडापाव. म्हणून आज ठरवलं, या गावाबद्दल लिहायचंच. मी इतिहासाची नाही, बी. कॉम. आहे. पण आमच्या गावात १८६४ पासून चालू असलेलं सार्वजनिक वाचनालय आहे आणि मुलं मोठी झाल्यावर दुपारचा वेळ मी तिथल्या पुस्तकांवर काढला. त्यातून जमलेलं हे.

आधी नदी. उल्हास नदी सह्याद्रीत, राजमाचीच्या बाजूच्या खोऱ्यात उगम पावते. कर्जत, बदलापूर करत आमच्याकडे येते, वाटेत बारवी तिला मिळते, कल्याणजवळ काळू आणि भातसाचं पाणी येतं. कल्याणच्या पुढे ती नदी राहत नाही, खाडी होते. भरती-ओहोटी इथपर्यंत पोचते. ठाण्याच्या अलीकडे तिला फाटा फुटतो, एक अंग ठाण्याच्या खाडीकडे, मोठं अंग वसईकडे. म्हणजे समुद्रातून गलबत आत आणायचं आणि घाटावरून बैलांचे तांडे खाली उतरवायचे, तर दोघांची गाठ पडावी अशी ही जागा. एका बाजूला बोरघाट, दुसऱ्या बाजूला थळघाट, मधे नाणेघाट, माळशेज. गाव इथे का वसलं, याचं उत्तर या एका परिच्छेदात संपतं.

पण त्या पाण्याची एक गंमत मला फार उशिरा कळली. इतर कोकणी नद्या उन्हाळ्यात आटतात, उल्हास वाहत राहते. का? मावळात आंध्रा नावाची एक नदी आहे. ती इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला. टाटांच्या वीज कंपनीने शंभर वर्षांपूर्वी त्या आंध्रेवर ठोकरवाडीला धरण बांधलं, पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने वळवलं आणि कर्जतजवळच्या भिवपुरीला खाली सोडून त्यावर वीज केली. वीज करून झालेलं पाणी उल्हासमध्ये येतं. आमच्या महापालिकेचं पाणी मोहिलीला याच नदीतून उचललं जातं. म्हणजे जे पाणी एरवी भीमेतून पंढरपूरवरून माझ्या माहेराकडे गेलं असतं, त्यातलं काही माझ्या सासरच्या नळाला येतं! हे वाचलं त्या दिवशी नळाखाली कळशी धरताना मला उगाच भरून आलं. हसा तुम्ही.

आणि लगेच दुसरा प्रश्न पडला. आईकडे विहीर होती. पाणी गाळलं की गाळण्यावरची जिवाणी त्याच विहिरीत हलकेच परत सोडायची, ज्या पाण्यातले जीव त्याच पाण्यात. इथे नळाचं पाणी गाळून जिवाणी कुठे सोडायची? उल्हासमध्ये की आंध्रेत? एका माताजींना मी विचारलंही होतं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, भाव ठेवा. असो.

आता माणसांकडे येते. या गावाचा जुना लेखी पुरावा गावात नाही, तो बोरिवलीच्या डोंगरात आहे, कान्हेरीला. तिथे शंभरावर लेणी आहेत, बौद्ध भिक्षूंची. दान देणाऱ्यांनी आपली नावं, गाव, धंदा दगडात कोरून ठेवला आहे. त्यात कल्याणचं नाव पुन्हा पुन्हा येतं. कल्याणचा व्यापारी, कल्याणचा लोहार. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याची पोढी, म्हणजे टाकं, खोदून दिलं आहे. व्यापाऱ्यांच्या घरच्या बायकांची दानंही आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या बायका, कुणाची पत्नी, कुणाची मुलगी असं सगळं नीट सांगून दान देतात. आपल्या मंदिरातल्या फरशीवर नाव घालताना जसा मजकूर देतो ना, अगदी तसा.

कॉमर्सवालीला आणखी एका शब्दाने पकडलं, 'अक्षयनीवी'. नीवी म्हणजे मुद्दल. मुद्दलाला हात लावायचा नाही, त्याच्या उत्पन्नातून दरवर्षी भिक्षूंची वस्त्रं, चपला यांचा खर्च चालवायचा. हा आपला ध्रुवफंडच की! कॉलेजात ट्रस्टचे हिशेब शिकवताना सरांनी इंग्लंडची उदाहरणं दिली होती. ती आणायला तेवढं लांब जायची गरज नव्हती.

साधारण त्याच काळातलं एक ग्रीक भाषेतलं पुस्तक आहे, 'पेरिप्लस' नावाने ओळखलं जाणारं. इजिप्तकडून तांबड्या समुद्रातून हिंदुस्थानात व्यापाराला येणाऱ्यांसाठी कुणा जाणत्या खलाशाने लिहिलेली ही माहितीपुस्तिका. त्यात पहिल्या शतकातलं कल्याण आहे. मजकूर दोन-तीन ओळींचा, पण मी तो कितीदा वाचला असेल. तो म्हणतो, थोरल्या सातकर्णीच्या काळात हे रीतसर व्यापाराचं बंदर होतं. पुढे दुसऱ्या राजवटीच्या हाती गेल्यावर इथे अडथळे आले. आता एखादं ग्रीक गलबत चुकून इथे आलंच, तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेतात.

बघा, बंदर तेच, नदी तीच, घाट तेच. गाळ भरला नाही, पूर आला नाही. फक्त वरच्यांनी ठरवलं की अमक्याने इथे उतरायचं नाही. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या भांडणात कल्याणच्या वाट्याचा माल भडोचला गेला. त्या सोनाराचं आणि लोहाराचं त्या वर्षांत काय झालं असेल, ते कुणी कोरून ठेवलेलं नाही.

बंदी मात्र कायमची टिकली नाही. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा एक व्यापारी, पुढे साधू झालेला कॉस्मस, या किनाऱ्याच्या मोठ्या बाजारपेठांत कल्याणचं नाव घेतो. तांबं, लाकूड, कापड इथून जातं असं सांगतो आणि जाता जाता लिहितो की इथे ख्रिस्ती लोक राहतात, त्यांचा धर्मगुरू इराणहून नेमला जातो. म्हणजे कान्हेरीला दान देणाऱ्यांच्या गावात पुढे प्रार्थना म्हणणारेही आले आणि राहिले. पोर्तुगीज किंवा इंग्रज यायला अजून जवळपास हजार वर्षं होती.

शिलाहारांच्या काळातलं अंबरनाथचं शिवमंदिर तुम्ही पाहिलं नसेल तर नक्की पाहा, १०६० सालचा लेख आहे तिथला. ते वालधुनीच्या काठावर आहे आणि वालधुनी पुढे कल्याणजवळ उल्हासला मिळते. कोरीवकाम बघताना खालच्या पाण्याकडे मात्र बघवत नाही, काळं आणि वासाचं. या ठाण्याकडच्या शिलाहारांचे भाऊबंद म्हणजे आपले कोल्हापूरचे शिलाहार. त्यांतल्या गंडरादित्याने तलाव खोदला आणि त्याच्या काठी शिव, बुद्ध आणि अर्हत अशा तिघांची स्थापना केली. १११० सालच्या ताम्रपटात हे आहे. आपल्याकडच्या इतिहासात गंडरादित्य आला की आपण बस्तीपुरता सांगतो, बाकीचे दोघे गाळतो.

पुढे मुसलमानी अमलात गावाला इस्लामाबाद नाव मिळालं. मोगलाईत गावाभोवती तट झाला. आमच्या शेणाळे तलावाच्या काठी, ज्याला सगळे काळा तलाव म्हणतात, जुनी काळी मशीद आहे. आज तिथे सकाळी चालायला येणाऱ्यांत नमाजाहून परतणारे आजोबा असतात, मंदिरातून येणाऱ्या आम्ही असतो आणि कानात वायरी घातलेली तरुण मुलं असतात, ज्यांना आमच्यापैकी कुणाचंच काही पडलेलं नसतं.

शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली ती ऑक्टोबर १६५७ मध्ये. खाडीकाठच्या दुर्गाडीच्या टेकाडावर किल्ला उभा राहिला आणि स्वराज्याचं आरमार इथे आकाराला आलं. हे सगळ्यांना पाठ असतं. कमी जणांना माहीत असतं ते हे, की ती पहिली गलबतं बांधायला पोर्तुगीज कारागीर कामाला होते. जहाज कसं बांधतात ते ज्याला येतं, त्याला बोलवायचं, एवढा साधा हिशेब. वसईच्या पोर्तुगीजांना हे कळल्यावर त्यांनी त्या कारागिरांना फितवून परत नेलं. तोवर काम मार्गी लागलं होतं. आजही दुर्गाडीवर देवीचं देऊळ आहे आणि लगत नमाजाची जागा आहे. त्यावरून वर्षानुवर्षं कोर्टकचेरी चालली आहे. ईदच्या आणि नवरात्रीच्या दिवसांत पोलिसांच्या गाड्या लागलेल्या असतात. हेही गावाचंच चित्र आहे, ते वगळून लिहिलं तर खोटं होईल.

कल्याणची सगळ्यांत प्रसिद्ध बाई कोण, विचारलं तर लहान मूलही सांगेल, कल्याणच्या सुभेदाराची सून. महाराजांसमोर आणलेली आणि सन्मानाने परत पाठवलेली. नाटकं, चित्रं, गाणी, सगळीकडे ती आहे. या प्रसंगाला त्या काळातल्या कागदपत्रांचा आधार इतिहासकारांना सापडत नाही. महाराजांची स्त्रियांबाबतची करडी शिस्त मात्र इतर पुराव्यांनी पक्की आहे. मला नेहमी खटकतं ते वेगळंच. एवढी वर्षं आपण तिची गोष्ट सांगतोय, पण तिला नाव दिलेलं नाही. कुणाची तरी सून, संपलं.

म्हणून मी माझ्या नातीला दुसरीची गोष्ट सांगते, जिचं नाव आहे, जन्मतारीखही आहे. यमुना जोशी, जन्म ३१ मार्च १८६५, कल्याण. नवव्या वर्षी लग्न, नवरा गोपाळराव, टपाल खात्यातला, तिच्याहून वीस-एक वर्षांनी मोठा, शिकण्याच्या बाबतीत हट्टी, रागीट म्हणावा इतका. लग्नानंतरचं नाव आनंदी. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. वैद्यकीय मदत नव्हती. पुढे १८८३ मध्ये ती बोटीने अमेरिकेला गेली आणि १८८६ साली फिलाडेल्फियाच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजातून एम. डी. झाली. एकविसाव्या वर्षी! परत आली ती क्षय घेऊनच. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेली.

हा भाग आपल्याला शाळेत असतो. माझं लक्ष वेधलं गेलं ते न्यू जर्सीतल्या रोझेल गावाच्या कार्पेंटर बाईंनी. ओळख ना पाळख, मासिकात छापलेल्या पत्रव्यवहारावरून त्यांनी या मुलीला पत्र लिहिलं आणि ती आल्यावर आपल्या घरात ठेवून घेतली. घर ख्रिस्ती, मांसाहारी. मुलगी लुगडं नेसणारी, शाकाहारी, जाण्याआधी भर सभेत 'हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन' या अर्थाचं बोलून गेलेली. कार्पेंटर बाईंनी तिला त्यातलं काही सोडायला लावलं नाही. ती गेल्यावर तिची रक्षा गोपाळरावांनी त्यांच्याकडे पाठवली आणि त्यांनी ती न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सी इथे, आपल्या घरच्या माणसांच्या दफनभूमीत ठेवली. कल्याणात जन्मलेल्या बाईचा दगड तिथे आहे. विचार करा, आपल्या घराण्याच्या जागेत.

रेल्वेचं थोडक्यात सांगते. मुंबई-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली, वर्षभराने, १८५४ च्या मे महिन्यात ती कल्याणला आली. पुढच्या दहा-बारा वर्षांत बोरघाट आणि थळघाट रेल्वेने चढून झाले. दोन्ही रस्ते कल्याणहून फुटतात, म्हणून जंक्शन. बंदराचं काम रूळांनी उचललं. खाडीतली गलबतं कमी झाली, पण माणसं उतरायची थांबली नाहीत, फक्त धक्का बदलला. गावात आगरी, कोळी, भोई आधीपासूनचे होतेच. ब्राह्मणांचे आणि कायस्थ प्रभूंचे वाडे होते, दूधनाक्याकडे कोकणी मुसलमान होते, पारशांची अग्यारी होती. आता त्यात गुजराती, कच्छी, मारवाडी पेढ्या आल्या, रेल्वेत कामाला आलेले दक्षिणेकडचे, उत्तरेकडचे लोक आले.

आणि आपले? माझ्या सासऱ्यांचे वडील बार्शीकडून आले, भाताच्या वखारीत हिशेबनीस म्हणून. मराठी बोलणारे दिगंबर जैन तेव्हा इथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जागा मिळाली ती एका कायस्थ घरमालकाच्या वाड्यात, मागच्या दोन खोल्या. घरमालकांकडे आठवड्यातून चारदा मासे. आमच्या आजेसासूबाई सूर्यास्ताआधी चूल विझवून खिडकी लावून घ्यायच्या. घरमालकीणबाईंनी त्यांना विहिरीवर पहिल्या पाण्याचा मान दिला होता, कारण यांना पाणी गाळून घ्यायला वेळ लागायचा आणि मागे रांग खोळंबायची. प्रेमाने नव्हे हो, सोयीने. पण दिला होता. वखार गेली, वाडा गेला, ती विहीरही बुजली. सासूबाई हे सांगायच्या तेव्हा सांगण्यात उपकाराचा सूर नसे, हिशेबाचा असे.

मग १९४७. दुसऱ्या महायुद्धात कल्याणच्या पलीकडे लष्कराने सैनिकांसाठी छावण्या बांधल्या होत्या. फाळणीनंतर सिंधमधून घरंदारं सोडून आलेल्या माणसांना त्या बराकींत आणून ठेवलं, जवळपास लाखभर. आधी सगळे त्याला कल्याण कॅम्पच म्हणत. ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते त्याचं उल्हासनगर झालं. गावाला नदीचं नाव मिळालं. आजही पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर पाच' असंच म्हणतात. त्या लोकांनी लोकलमध्ये गोळ्या, बिस्किटं, कंगवे विकले. बायकांनी पापड लाटले. सासूबाई सांगायच्या, तेव्हा गावात कुरकुर होती, हे लोक आले, पाणी कमी पडणार, भाव पाडून विकतात, यांची भाषा कळत नाही. पाऊण शतकानंतर आज आमच्या प्रत्येकीच्या कपाटात निदान एक साडी किंवा ड्रेस उल्हासनगरचा आहे आणि पापडाला नावं ठेवणारी एकही उरलेली नाही.

सगळं गोडीगुलाबीचं होतं असं मी म्हणणार नाही. मी इथे आले त्याच साली कल्याण-डोंबिवली महापालिका झाली, १९८३. टिळक चौकाजवळ आमचं बिऱ्हाड. पहिल्याच उन्हाळ्यानंतरच्या मे महिन्यात, १९८४ ला, भिवंडीत दंगल पेटली आणि ती कल्याण, ठाणे, मुंबईपर्यंत आली. बाजार बंद. सासूबाई दुधाच्या पिशव्या मोजत होत्या, मी खिडकीतून रिकामा रस्ता बघत होते. रात्री सगळे पुरुष जिन्यात बसून. मला माहेरी जायचं होतं आणि गाडीपर्यंत पोचता येत नव्हतं. महिनाभराने सगळं सुरू झालं, बांगडीवाला चाचा परत आला. पण सासूबाईंनी त्याला आत न बोलावता दारातच हात पुढे केला. पुढे किती तरी वर्षं दारातच. दोघंही त्याबद्दल एक शब्द बोलली नाहीत.

२६ जुलै २००५ ला नदी घरात आली. तोवर आम्ही वाडा सोडून नव्या वस्तीत, आत्ताच्या इमारतीत राहायला आलो होतो. तळमजला बुडाला. रात्रभर आमच्या दुसऱ्या मजल्यावर एकवीस माणसं होती. काहींची आडनावं मला त्याच रात्री कळली. डब्यातला पोह्यांचा चिवडा संपला आणि मग कुणाच्या तरी पिशवीतली बिस्किटं फिरली, आमच्या घरात कधी न येणारी. मी बघितलं, काही बोलले नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, ते सांगते. आमची ती इमारत पुन्हा बांधायची ठरली आहे. निम्म्याहून जास्त घरं आपल्या लोकांची. नव्या इमारतीच्या नियमांत एक कलम घालावं असा ठराव आला आहे, की यापुढे जागा फक्त शाकाहारी कुटुंबालाच विकायची किंवा भाड्याने द्यायची. सुचवणाऱ्या वहिनी माझ्या चांगल्या मैत्रीण आहेत, स्वाध्यायाला आम्ही शेजारी बसतो. त्यांचं म्हणणं मला कळतं. दशलक्षणाच्या दिवसांत जिन्यात तळलेल्या माशाचा वास आला की माझ्याही पोटात ढवळतं, चाळीस वर्षांत त्याची सवय झालेली नाही आणि व्हावी अशी इच्छाही नाही. मुनींचा आहार असतो त्या दिवशी चौका लावायचा तर चारी बाजूंनी शुद्धी हवी, हेही खरं. मुलांना बाहेर सगळं दिसतंच, निदान घराच्या आसपास तरी नको, असं वाटणारी आई चुकीची नसते.

पण मी हिशेब मांडून पाहिला. हे कलम आज लागू असतं तर दुसऱ्या मजल्यावरचे मालवणचे गुरुजी इथे आलेच नसते. त्यांनी माझ्या दोन्ही मुलांना गणित शिकवलं. तळमजल्याची आगरी ताई नसती, जिच्या सासऱ्यांच्या शेतावर ही इमारत उभी आहे. आणि हेच कलम शंभर वर्षांपूर्वी उलट्या बाजूने त्या कायस्थ घरमालकांनी घातलं असतं, की 'आमच्यासारखं जेवणाऱ्यांनाच खोली', तर बार्शीच्या हिशेबनीसाने पुढची गाडी धरली असती. पैशाचाही भाग आहे, तो सांगितलेला बरा. गिऱ्हाईकं निम्मी केली की भावही उतरतो, हे एफ. वाय. च्या पहिल्या धड्यात होतं. आपल्या मुलांना परदेशातून येऊन फ्लॅट विकायची वेळ येईल तेव्हा हे कलम त्यांच्या गळ्यात पडेल. आणि मुलं तिकडे ज्या इमारतीत भाड्याने राहतात, तिथे त्यांना कुणी जेवणाची पद्धत विचारलेली नाही.

चार दानांमधलं अभयदान आपण दरवर्षी प्रवचनात ऐकतो. माझ्या स्वयंपाकघरात काय शिजेल ते माझ्या हातात आहे आणि ते मी मरेपर्यंत सांभाळीन. शेजारच्या कढईत काय आहे त्यावर माझं व्रत उभं असेल, तर ते फार कच्चं व्रत झालं. वासासाठी उपाय आहेत, चिमणी बसवा, कचरा बांधून द्यायचा नियम करा, सणाच्या दिवसांत एकमेकांना सांगा. मी हे वहिनींना घरी जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही असं बोलाल असं वाटलं नव्हतं. मग आपण आपलेपण कुठे ठेवायचं?" प्रश्न रास्त आहे. माझ्याकडे त्याचं तयार उत्तर नव्हतं, मी चहा पिऊन परत आले.

सभा दशलक्षणानंतरच्या दुसऱ्या रविवारी ठेवली आहे. मी सेक्रेटरींकडे लेखी हरकत दिली, चार ओळींची. स्वच्छता, वास, कचरा, सणाचे दिवस यांबद्दल जो नियम कराल त्यावर माझी सही घ्या, पण कुणी राहायचं यावर बंधन घालणारं कलम माझ्या नावे मंजूर धरू नये. यजमानांनी वाचून चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि खाली आपलीही सही केली. गुरुजींना मी हे सांगितलेलं नाही. वहिनी जिन्यात भेटतात, हसतात, पण थांबत नाहीत. स्वाध्यायाला परवा त्या पलीकडच्या रांगेत बसल्या होत्या.